म्हातारपणी पडू नये म्हणून

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत म्हातारे माणूस पडले, की ‘वयच झाले, पडायचेच’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांला हे म्हणणे मान्य नाही.

पडण्याची क्रिया जरा न्याहाळून पाहावी. पाय अडखळला तर तरुण माणूस चटकन दुसरे पाऊल टाकून तोल सावरतो. त्यासाठी मांडीत बळ लागते, डोळ्यांना जमीन दिसावी लागते, तळपायाला ती कळावी लागते. वयाबरोबर ही तिन्ही उणावतात. मधुमेहात तळपाय बधिर होतो. मोतीबिंदूमुळे सारवलेला उंबरठा आणि अंगण एकरंगी दिसतात. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने बाजेवरून एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मग निमित्ताला न्हाणीतला शेवाळलेला दगड पुरतो, नाहीतर रोवणीच्या दिवसांतला बांधीचा ओला धुरा.

खुब्याचे हाड मोडले, तर भामरागडकडच्या आतल्या गावातून शस्त्रक्रियेपर्यंतचा रस्ता किती लांब, हे येथे सांगायला नको. पण हाड न मोडताही एक हानी होते. पडलेली आजी धास्तावते. ‘आता तू बसूनच राहा,’ असे सून मायेने म्हणते. बसून मांड्या आणखी गळतात आणि पुढचे पडणे जवळ येते. माया येथे वैऱ्याचे काम करते.

तोलाच्या व पायांच्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे अनेक देशांतील प्रयोग एकत्र तपासून २०१९ साली दिसून आले. त्याला आखाडा नको. घट्ट खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठावे-बसावे, चौकट धरून टाचा उचलाव्या. कोणीतरी जवळ असावे. मोतीबिंदू काढून घ्यावा. झिजलेली रबरी चप्पल टाकावी. न्हाणीत धरायला दांडी आणि रात्री वाटेवर दिवा असावा. गोळ्या मनाने बंद करू नयेत; डॉक्टरांना विचारावे.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, बालमृत्यू घटले. आज आशा कार्यकर्ती देशभर तशीच बाळंतिणीच्या घरी जाते. (तिच्यावरचा भार आधीच थोडा नाही, हे आम्ही जाणतो.) ज्या उंबरठ्यावरून ती आत जाते, त्यालाच अडखळून आजी पडते. एकदा पडलेले माणूस पुन्हा पडण्याचा संभव अधिक. म्हणून ‘आजी, वर्षभरात कधी पडलात का?’ एवढे तिने जाता जाता विचारावे, आणि उत्तर ‘हो’ असले तर न्हाणीकडे एक नजर टाकून यावी.