सूर्यावरचा वायू आणि काकांच्या कॅसेटी

काकांच्या कपाटात चौऱ्याऐंशी कॅसेटी होत्या. काडेपेटीहून थोड्या मोठ्या, मिनी डीव्ही जातीच्या, प्रत्येकीवर बॉलपेनने साल आणि आख्यानाचं नाव. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या रात्री धयकालो होतो, म्हणजे दशावताराचं नाटक, उत्तररात्रीपर्यंत चालणारं. १९९९पासून काकांनी एक तपभर ते कॅमेऱ्यात धरून ठेवलं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं ते ठरलं की पात्रं उभ्या उभ्या संवाद रचतात आणि पायपेटी-पखवाज त्यांना सांभाळून घेतात. त्या रात्री राजा जे बोलला, ते तसं तो पुन्हा कधीच बोलणार नाही. ते फक्त त्या फितीवर आहे. आणि कोकणातल्या पावसाळ्यात फितीला बुरशी धरते.

"गो, तूच बघ ह्येचा काय ता," काका म्हणाले आणि पिशवी माझ्या हातात दिली.

मी हिशोबाला बसले. मिनी डीव्हीच्या एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात. चौऱ्याऐंशी तासांचे अकराशे जीबीच्या आसपास, म्हणजे एक टीबीहून थोडं जास्त. शिवाय घरातल्या सगळ्यांच्या फोनांमधले फोटो, लग्नांचे व्हिडिओ, आईच्या भजनीमंडळाची रेकॉर्डिंगं, जमवलेले सिनेमे. हे सगळं एका जागी राहावं, टीव्हीवर हवं ते लावता यावं, फोनमधले फोटो रात्रीतून आपोआप तिथे जाऊन बसावेत, यासाठी घरातच एक छोटा सर्व्हर उभा करायचा ठरला. कोणता भाग घ्यायचा ते शोधू लागले आणि महिनाभर त्यातून बाहेर आले नाही. प्रत्येक भागापाशी मी एकच प्रश्न विचारत होते, हा बिघडला तर? उत्तर दरवेळी तेच, बिघडणारच. हे उत्तर मान्य करून माणसांनी पुढे काय काय करून ठेवलं आहे, ते पाहून मी थक्क झाले.

आधी डिस्क. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क विकायला काढली, तिचं वजन टनाच्या घरात होतं. चोवीस इंची पन्नास तबकड्या, आणि त्यांवर मावायची पन्नास लाख अक्षरं. आज फोनवर काढलेला एक चांगला फोटो तिच्यात जेमतेम बसला असता. मी घेतलेली १२ टीबीची डिस्क एका हातात मावते आणि तिच्यात ९६ लाख कोटी शून्य-एक मावतात. प्रत्येक शून्य, प्रत्येक एक म्हणजे चुंबकीय कणांचा एक इवलासा पुंजका. तो वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. डोक्याचा एक केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल, तर तिची कड त्या टोकाखालून ताशी जवळजवळ १३० किलोमीटर वेगाने सरकते. इतक्या क्षीण चुंबकत्वाची चाहूल लागते ती १९८८मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या एका परिणामाच्या वाटेवरून. काही अणूंइतक्या पातळ थरांचा विद्युतरोध चुंबकत्वाने एकदम बदलतो, असा तो शोध. त्यासाठी २००७चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

पण मी खुर्चीतून उठले ती पुढचं वाचून. साध्या डिस्कमध्ये हवा असते. मोठ्या डिस्कमध्ये हेलियम असतो.

हेलियमची घनता हवेच्या साधारण एक सप्तमांश. हवेत वेगाने फिरणाऱ्या तबकड्या भोवरे उठवतात, थरथरतात. हेलियममध्ये ती घुसळण खूपच कमी होते, म्हणून तबकड्या अधिक पातळ करता येतात, त्याच उंचीत जास्त बसवता येतात, आणि मोटारीला वीजही कमी लागते. अशी हेलियमबंद डिस्क बाजारात आली ती २०१३ साली. हेलियम बारीकशा फटीतूनही निसटतो, त्यामुळे तिचं झाकण लेझरने डाखलेलं असतं. हवेच्या डिस्कला दाब समान राहावा म्हणून गाळणी लावलेलं एक छिद्र असतं. या डिस्कला तेही नाही. कोकणातली खारी, ओली हवा आत शिरूच शकत नाही, हे वाचून माझी निवड तिथेच झाली.

हेलियम माणसाला पहिल्यांदा दिसला, तो सूर्यावर. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली कोकणकिनाऱ्यावरून दख्खन ओलांडत पूर्वेला गेली. ज्यूल जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला वर्णपटदर्शक लावून बसला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या रेषा त्याला इतक्या लख्ख दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्याच्या ध्यानात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियरने इंग्लंडमधून ग्रहणाविना तेच साधलं, आणि त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. ग्रीक सूर्यदेव हेलिऑसवरून नव्या मूलद्रव्याचं नाव पडलं. पृथ्वीवर ते विल्यम रॅम्झीच्या हाती लागलं थेट १८९५मध्ये, एका युरेनियमयुक्त खनिजातून. आणि तीन वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, लॉकियर स्वतः आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर येऊन राहिला. तिथले 'साहेबाचे कट्टे' आजही दाखवतात. आमच्याकडे ही दोन्ही ग्रहणं एकाच गोष्टीत मिसळून सांगितली जातात, हेलियमचा शोध गडावरच लागला असं म्हणतात. तीस वर्षांचं अंतर वेगळं करून पाहिलं तर गोष्ट मला आणखी आवडते. ज्याने सूर्यावर एक वायू ओळखला, तो पुढे आमच्या गडावर उभा राहिला. तोच वायू आता आमच्या गावच्या दशावतारातला संकासूर सांभाळायला निघाला होता.

डिस्क घेताना आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती कौलांची. काही डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी माहितीच्या रेघा कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवून लिहितात. लिहिणारं टोक रुंद आणि वाचणारं अरुंद असल्यामुळे हे जमतं. वाचायला अडचण नाही. पण कौलारू छपराचं मधलंच एक कौल बदलायचं झालं की शेजारची उचलावी लागतात, तसं इथे मधली एक रेघ बदलायची तर पुढच्या कितीतरी पुन्हा लिहाव्या लागतात. सतत लिहीत राहणाऱ्या सर्व्हरला अशी डिस्क घेऊ नये. काही उत्पादक ही गोष्ट न सांगताच सर्व्हरसाठीच्या डिस्क विकत होते, ते २०२०मध्ये उघड झालं आणि त्यानंतर माहितीपत्रकात ते लिहिलं जाऊ लागलं. ते वाचूनच पैसे द्यावेत.

आता, डिस्क मरणार हे धरलंच आहे, तर किती घ्यायच्या? १९८८मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कांच्या टोळीवर एक निबंध लिहिला. त्यातली एक युक्ती मी कागदावर मांडून पाहिली, आणि नंतर घरातल्या प्रत्येकाला धरून समजावली. समजा चार डिस्क आहेत. तिघींवर माहिती, चौथीवर फक्त हिशोब. एकाच ठिकाणी पहिल्या तिघींवर १, ०, १ असेल, तर चौथीवर ० लिहायचा. १, १, १ असेल तर १. नियम एवढाच, की चौघींत मिळून एकांची संख्या सम यावी. आता दुसरी डिस्क मेली. उरलेल्या तिघींतले एक मोजा. सम आले तर हरवलेला आकडा ०, विषम आले तर १. मेलेल्या डिस्कवरचा प्रत्येक फोटो, प्रत्येक आवाज असा मोजणीतून परत उभा राहतो. तिच्यावर काय होतं हे कोणालाच आठवत नसतं, तरी ते सगळ्यांत मिळून असतं!

मी मात्र दोनच डिस्क घेतल्या, एकीची दुसरी आरशासारखी प्रत. घरापुरतं तेच सोपं. एक गेली तर नवी लावायची. १२ टीबी सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने उतरवायला सोळा-सतरा तास लागतात, तेवढा वेळ दुसरीने तग धरायचा.

पण आरशाचा एक पेच आहे. डिस्क मेली तर कळतं. ती जिवंत राहून खोटं बोलली तर? एखादा ० निमूटपणे १ झाला, तर दोन प्रतींपैकी खरी कोणती? याचं उत्तर जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरन्स यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडवलेल्या झेडएफएस या प्रणालीत आहे. ती २००५मध्ये सर्वांसाठी खुली झाली. माहितीच्या प्रत्येक तुकड्याचा गणिताने एक ठसा काढायचा आणि तो त्या तुकड्यापासून दूर, दुसऱ्या जागी ठेवायचा. तुकडा वाचताना ठसा पुन्हा काढायचा. जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत घ्यायची, तिचा ठसा जुळतो का पाहायचं, आणि तिच्यावरून बिघडलेला तुकडा दुरुस्त करायचा. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मला वेद म्हणणारे घनपाठी आठवले. शब्द सरळ म्हणून भागत नाही, ते एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन असे गुंफून म्हणायचे. एखादा शब्द गळला किंवा सरकला तर उलट्या फेरीत तो लगेच खटकतो. लिहून न ठेवता पाठ शाबूत राखायची तीही हीच तजवीज.

यानंतर मेमरी. इथे शत्रू आकाशातून येतो. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून निघालेले कण वातावरणाच्या माथ्यावर आदळतात, एकाचे अनेक होतात आणि सर बरसते. अशा सरी कशा वाढत जातात, याचं गणित १९३७मध्ये होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडलं. आठ वर्षांनी याच भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. त्या सरींतला एखादा कण मेमरीच्या चिपमधून गेला, तर एखादा आकडा पालटू शकतो. २००३मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला मतदारसंघात शक्य होती त्यांहून जास्त मतं पडली. नेमकी ४,०९६ जादा. ही संख्या म्हणजे दोनचा बारावा घात, यंत्राच्या भाषेत फक्त एक आकडा ०चा १ होणं. यंत्रात दुसरा कोणताही दोष सापडला नाही.

यावरचा इलाज रिचर्ड हॅमिंगने बेल प्रयोगशाळेत शोधला आणि १९५०मध्ये छापला. शनिवार-रविवारी माणसं नसताना चालणारं गणकयंत्र चूक सापडली की हॅमिंगचं काम टाकून द्यायचं, आणि सोमवारी त्याच्या हाती काहीच नसायचं. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये, असा त्याचा प्रश्न होता. त्याच विचारातून आलेल्या आजच्या ईसीसी मेमरीत ६४ आकड्यांमागे ८ जादा असतात. ते इतक्या कौशल्याने पेरलेले असतात, की एक आकडा पालटला तर नेमका कोणता ते कळतं आणि जागीच सुधारता येतं. सगळे मदरबोर्ड आणि प्रोसेसर ही मेमरी चालवत नाहीत. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस फिरून चालवणारी जोडी शोधली. थोडे पैसे जास्त गेले. ते मला पटून दिलेले पैसे आहेत.

प्रोसेसर फार ताकदीचा लागत नाही. त्याच्यात व्हिडिओ उलगडायचा आणि बांधायचा वेगळा विभाग असला म्हणजे झालं. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत तो २०११पासून असतो. तो विभाग जे गणित करतो, तेच काकांच्या कॅसेटींतही होतं. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. चौसष्ट ठिपक्यांचे चौसष्ट आकडे ठेवण्याऐवजी संथ आणि जलद लहरींचं कोणतं मिश्रण ते चित्र देईल, ते लिहायचं. बहुतेक लहरींचा वाटा शून्याजवळ येतो, तो सोडून दिला तरी डोळ्याला कळत नाही. ही रीत बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांना सुचली. १९७२मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. तरी त्यांनी काम सोडलं नाही आणि १९७४मध्ये नटराजन व राव यांच्यासोबत निबंध छापला. आपल्या फोनांमधला जवळजवळ प्रत्येक फोटो या तिघांच्या गणितावर उभा आहे, आणि त्यांची नावं आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

विजेचा हिशोब छोटा आहे. वर्षभर अखंड चालणारा एक वॅट म्हणजे पावणेनऊ युनिट. भाच्याचा जुना, शंभर वॅट खाणारा कॉम्प्युटर लावला असता तर वर्षाला ८७६ युनिट. माझा सर्व्हर तीस वॅटवर चालतो, २६३ युनिट. युनिटला दहा रुपये धरा, फरक सहा हजारांवर जातो. घरात तार टाकायची तर साधी गिगाबिटची पुरते, तिच्यातून फोर-के सिनेमा सहज वाहतो. आणि यूपीएस हवाच.

मात्र घराला आग लागली, पाणी शिरलं, वीज पडली, तर दोन्ही डिस्क एकदमच जातील. आरसा ही राखीव प्रत नव्हे. म्हणून तिसरी डिस्क घेतली, तीही हेलियमचीच, तिच्यावर सगळ्याची प्रत उतरवली आणि मे महिन्यात एसटीने गावी गेले. कणकवलीपर्यंत ती मांडीवर होती.

काकांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"गो, ह्या डब्यात हवा नाय? मगे काय आसा?"

मी त्यांना गडावरच्या साहेबाची गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग आम्ही डिस्क टीव्हीला जोडली आणि २००१ सालची रात्र लावली. संकासुराची लाल जीभ, पोरांचा आरडाओरडा. मध्येच गावातली लाइट गेली होती, पडदा काळा झाला. काकांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. काळोखात कुणीतरी काडी ओढली, आणि मग एक बारीक, एकसुरी फूत्कार सुरू झाला.

"बत्ती," काका म्हणाले. "आयक. गॅसबत्तीचो आवाज."