स्टार्टर गेला की केबल जळाली?

मंडळी, बीबीच्या शिवारात मोटार चालेना झाली की आपण आधी काय बघतो? स्टार्टर गेला, की केबल जळाली? पाय उचलेनासा झाला तरी तेच बघायचं.

लकव्यात बिघाड मेंदूत असतो. मणक्यातून पायाकडे जाणारी नस बहुधा शाबूत असते. म्हणजे स्टार्टर गेला, केबल चांगली आहे. त्या नसेला बाहेरून विजेचे बारीक झटके दिले, की स्नायू आकसतो. १९६१ साली अमेरिकेत डॉ. लिबरसन यांनी हेच केलं. त्यांनी बुटाच्या टाचेत बटण बसवलं. टाच उचलली, की गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला असलेल्या नसेला झटके मिळतात आणि लोंबणारा पंजा वर येतो. टाच टेकली, की वीज बंद.

पोलिओत मात्र नस जिथून निघते, त्या मणक्यातल्या पेशीच मरतात. इथं केबलच जळाली! मग हे यंत्र कामाचं नाही.

म्हणून पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘नस जिवंत आहे का?’ छातीत पेसमेकर असेल तर तेही सांगा. आणि घरच्या बोर्डाची वीज अंगाला लावायचा प्रयोग तर कुणीच करू नका.