माल तुमचा, गेटपास कोणाचा?

औंढा नागनाथ म्हटलं की आपल्याला ज्योतिर्लिंग आठवतं, आणि २०२३ मध्ये मंजूर झाल्यापासून 'लायगो'. पण त्याच तालुक्यात आंध आदिवासींची गावं आहेत. त्यांच्या शिवाराला लागून असलेलं जंगल कोणी राखायचं, हा प्रश्न मेसच्या टेबलावर कधी येत नाही. तो समजायला आधी गडचिरोलीला जाऊन येऊ.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे छोटंसं गोंड गाव. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेत. (आपल्या गॅदरिंग कमिटीत हे करून बघा!) २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क ग्रामसभेला दिला. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला... कागदावर!

कारण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, म्हणजे 'टीपी'. ती तेव्हा वनखातं द्यायचं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू म्हणजे झाड होतं (ही व्याख्या २०१७ मध्ये बदलली). वनस्पतिशास्त्रात तर ते गवत, आणि वनहक्क कायद्यात गौण वनोपज. म्हणजे माल तुमचा, पण गेटपास दुसऱ्याचा. अशी मालकी काय कामाची? देवाजी तोफा आणि गावकरी हटले नाहीत. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

विक्रीचा पैसा आला, पण मला वेगळीच गोष्ट मोठी वाटते. कोवळा बांबू तोडायचा की ठेवायचा, हे ठरवणारा माणूस पुढच्या वर्षीही तिथेच राहणार आहे. ठेकेदाराला बेट मेलं तरी काय फरक पडतो?

औंढ्याकडे मेंढ्यासारखी बांबूची बेटं नाहीत, पण कायदा तोच. ग्रामसभा 'फॉर्म सी' भरून दावा करते. तो उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. पुराव्यात म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाबसुद्धा चालतात. सोबत हद्दीचा नकाशा लागतो. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आपण दरवर्षी कॉलेजचं तेच ग्राउंड मोजतो. यंदा दिवाळीत औंढ्याकडे घरी जाणाऱ्यांनी आजोबांना सोबत घ्यावं, आणि गुरं कुठवर चरायला जायची तेवढी हद्द मोजून आणावी.