अस्सल दस्ता कुठला?

अमेरिकी सैन्याची एम१ कार्बाइन १९४१ साली मंजूर झाली आणि १९४५ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत साठ लाखांहून अधिक नग बाहेर पडले. तिचा अक्रोडाचा दस्ता तडकला की नवा बसवायचा की नाही, यावर आज संग्राहकांत मोठं सोवळंओवळं चालतं. मूळ दस्ता गेला की बंदुकीचा इतिहासच गेला, असं त्यांचं म्हणणं. पण या बंदुकीची वाटचाल पाहिली, तर ‘मूळ’ हा शब्दच डळमळू लागतो. ती दहा मुख्य कंत्राटदारांनी बनवली. त्यांत विंचेस्टर होती, तशीच आयबीएम आणि ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओलाही होती. एकाकडे भाग कमी पडला तर दुसऱ्याकडून मागवला जाई, आणि कित्येक दस्ते बाहेरच्या लाकूडकामाच्या कारखान्यांतून येत. म्हणजे सरमिसळ कारखान्याच्या दारातच सुरू झाली होती. युद्धानंतर शस्त्रागारांनी ती पुरती केली. बंदुका सुट्या केल्या, भागांचे ढीग लावले आणि हाताला येईल त्यातून पुन्हा जुळवल्या. नळीवर संगीन अडकवायची सोय असलेलं कडं आलं, मागची माशी बदलली, दस्त्यावर दुरुस्ती करणाऱ्या शस्त्रागाराचा शिक्का बसला. १९६३ मध्ये सरकारने नागरी नेमबाजांना वीस डॉलरला विकल्या, त्यांत अशा फेरजुळणीच्या कार्बाइन भरपूर होत्या.

यावर आक्षेप येतो की, मग त्याच कारखान्याचे भाग शोधून बंदूक पुन्हा पहिल्यासारखी का करू नये? दिसायला ती देखणी होईल, यात शंका नाही. मात्र शस्त्रागारात झालेली फेरजुळणी हाही तिच्या आयुष्याचाच भाग होता. तो पुसून मांडलेली जुळवाजुळव म्हणजे कधी न घडलेला इतिहास. त्यात नव्या लाकडावर जुन्या तपासनिसाचा शिक्का उमटवला, की ती सरळ फसवणूक. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सरमिसळच खरी, तर वाटेल ते करायला मोकळीक झाली? नाही. खरं नुकसान नवा दस्ता करत नाही, जुन्या दस्त्यावर फिरलेला पॉलिशपेपर करतो. शिक्के, पट्ट्याच्या खाचेतली उत्पादकाची अक्षरं, कडांची धार, सगळं त्या भुशात जातं आणि परत येत नाही. दबलेली जागा ओल्या कापडावरून इस्त्री फिरवून बरीच वर येते, वर जवसाचं तेल पुरतं. तडा खोल असेल तर नवं लाकूड घ्यावं, पण खाच त्या काळाची हवी. तेलाची नळकांडी त्याच खाचेत बसते आणि पट्टाही तीच धरून ठेवते. सुरुवातीच्या दस्त्यांत ही खाच इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखी होती, पुढे लंबगोल झाली. नव्या दस्त्याच्या टोकाला, लोखंडी पट्टीखाली, तो केल्याचं वर्ष कोरावं. जुना, तडकलेला का असेना, वेष्टनात गुंडाळून बंदुकीबरोबरच ठेवावा.