अंदमानचा उजेड आणि आपले घड्याळ

माझ्या टेबलाच्या खणात आईचा एक फोटो आहे. ती समुद्रात घोटाभर पाण्यात उभी आहे, लुगड्याचा काठ एका हाताने वर धरला आहे. पण हे सगळे मी सांगतो म्हणून. पाहणाऱ्याला दिसते ती एक काळी आकृती, तिच्यामागे तितकाच काळा पडदा, आणि फ्लॅशच्या उजेडात चमकलेला चष्मा.

आई कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका होती. निवृत्तिवेतनातून पैसे साठवून तिने २०१३ च्या जानेवारीत मला अंदमानला नेले. मी तिला नेले असे म्हणणे खोटे होईल. तिची मागणी एकच होती. मावळत्या सूर्यासमोर, समुद्रात पाय बुडवून एक फोटो. तो शाळेतल्या पोरांना दाखवायचा होता. त्यासाठी आम्ही हॅवलॉक बेटावरचा राधानगरचा किनारा निवडला. नाव ऐकून आई हसली होती, कारण आमच्या जिल्ह्यातही राधानगरी आहेच. सूर्यास्त म्हणजे सहा-सव्वासहा, हा आपला घरचा हिशेब. रिक्षावाला म्हणत होता, "साहब, जल्दी चलिए." मी म्हटले, चहा होऊ दे. पावणेसहाला किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य जाऊन अर्ध्या तासाहून अधिक वेळ झाला होता आणि रखवालदार लोकांना बाहेर काढत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची बोट. आणि मी महाविद्यालयात शिकवतो काय, तर भूगोल!

आज बोलायचे आहे ते या चुकीबद्दल. आयुष्यात एकदा होणाऱ्या प्रवासाला निघताना आपण तिकिटे, खोल्या, जेवण यांचा हिशेब मांडतो. फोटो मात्र तिथे गेल्यावर आपोआप निघतील असे धरून चालतो. बेटावर तसे होत नाही. तिथे फोटो दोन गोष्टी ठरवतात, सूर्य आणि पाणी. त्यांचे वेळापत्रक आपल्यासाठी बदलत नाही, तेव्हा आपलेच त्यांच्याभोवती बसवावे लागते.

आधी सूर्य. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरतात. एका अंशाला चार मिनिटे, हे सातवीच्या मुलालाही येते. कोल्हापूर ७४ अंशांच्या जरा पुढे, तर अंदमान ९२-९३ अंशांवर. म्हणजे घड्याळ एकच, पण तिथला सूर्य आपल्याहून सव्वा तास पुढे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला सूर्य सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो, अंदमानात पाच वाजून गेले की लगेच. सकाळी आपल्याकडे सात वाजता उगवतो, तिथे पावणेसहाच्याही आत. तेव्हा तिथे जाऊन सात वाजता उठणारा माणूस दिवसाचा उत्तम उजेड झोपेत घालवतो. खानावळवाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे की नाश्ता परत आल्यावर करू.

आणखी एक गोष्ट. विषुववृत्ताजवळ सूर्य तिरका रेंगाळत उतरत नाही, जवळजवळ सरळ खाली जातो. त्यामुळे तो सोनेरी, मऊ उजेड तिथे अर्धा तासही टिकत नाही. पश्चिमेचा किनारा संध्याकाळसाठी, पूर्वेचा पहाटेसाठी, ही वाटणी नकाशा पाहून घरीच करून ठेवावी. हॅवलॉकला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात. तिथे राधानगर पश्चिमेला आहे आणि काला पत्थर पूर्वेला. शेजारच्या नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपावर, लक्ष्मणपूरला सूर्यास्त आणि सीतापूरला सूर्योदय. राजधानी पोर्ट ब्लेअरचे नावही २०२४ मध्ये श्री विजय पुरम असे झाले आहे. जुनी तिकिटे आणि नवे नकाशे ताडून पाहताना गोंधळ नको, म्हणून ही नावे सांगितली.

मग दुपारी काय करायचे? छायाचित्रणाची पुस्तके सांगतात की दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवा. माणसांच्या फोटोंना ते लागू आहे, कारण डोळ्यांखाली सावल्या पडतात. पण उथळ समुद्राचा तो पाचूसारखा हिरवानिळा रंग पाहायचा तर ऊन डोक्यावरच हवे. पाणी उजेडातला तांबडा भाग लवकर पिऊन टाकते, निळाहिरवा भाग खोलवर जातो आणि तळाच्या पांढऱ्या वाळूवर आपटून परत वर येतो. सूर्य तिरका असला की बराचसा उजेड पाण्याच्या पाठीवरूनच उलटतो. आपल्याला मिळते नुसती चकाकी. म्हणून सकाळी साडेनऊ ते दुपारी एक हा तिथे समुद्राच्या रंगाचा वेळ. (साडेअकराच्या आसपासच तिथली खरी मध्यान्ह होते, हे विसरू नका.) उरलेली चकाकी कापायला पोलरायझर नावाची काच भिंगावर लावून फिरवतात. मोबाइलवाल्यांनी पोलराइज्ड चष्मा मिळवून त्याची काच मोबाइलच्या भिंगापुढे धरावी आणि हळूहळू फिरवावी. एका कोनावर पाण्यावरचा पडदा सरकल्यासारखा होतो आणि खालचे प्रवाळ दिसू लागते. माझ्या मुलीने हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती अर्धा तास फोटो न काढता नुसती काचच फिरवत बसली होती.

पांढऱ्या वाळूची एक खोडी आहे. कॅमेऱ्याला वाटते, एवढा उजेड म्हणजे काहीतरी चुकते आहे, आणि तो फोटो मुद्दाम काळवंडून टाकतो. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकून उजेडाची खूण थोडी वर सरकवावी, म्हणजे वाळू वाळूसारखी दिसते.

आता पाणी. कोकणातल्या श्रोत्यांना मी भरती-ओहोटी शिकवणे म्हणजे सुताराला रंधा दाखवणे. त्यांच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मात्र हा आडाखा आपल्या किनाऱ्याचा. प्रत्येक बंदराचा हिशेब वेगळा असतो, तेव्हा अंदमानसाठी तिथलेच भरतीचे कोष्टक पाहावे. ते आता मोबाइलवरही मिळते. तत्त्व मात्र तेच आहे. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे. म्हणजे सहा दिवसांच्या मुक्कामात ओहोटी जवळजवळ पाच तास सरकते. पहिल्या दिवशी सकाळी असलेली शेवटच्या दिवशी भर दुपारी येते.

याचा उपयोग कुठे? शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर प्रवाळखडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिच्याखाली जायचे तर ओहोटीच हवी. भरतीत गेलात तर दगड दिसतात आणि चिडचिड होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त ओसरते आणि खडकांतली डबकी उघडी पडतात. त्यांत खेकडे, छोटे मासे, समुद्रकाकडी. पाय टाकाल तो मात्र मेलेल्या खडकावर किंवा वाळूवर. प्रवाळ हा दगड दिसला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. २०१० साली समुद्राचे पाणी तापून अंदमानचे पुष्कळसे प्रवाळ पांढरे पडले होते, त्यात आपल्या चपलांची भर नको. प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणणे कायद्याने गुन्हा आहे, मग तो किनाऱ्यावर पडलेला का असेना. खाडीच्या तोंडाशी मगरीच्या पाट्या दिसल्या तर फोटोसाठी पुढे जाऊ नये. त्या पाट्या शोभेच्या नसतात.

महिन्यांविषयी थोडक्यात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्याआधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच, तिथे पोहोचतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस आणि वादळे. डिसेंबरअखेर गर्दी आणि दर दोन्ही चढलेले. फेब्रुवारी ते मध्य एप्रिल समुद्र शांत आणि पाणी नितळ असते. शाळामास्तरांना फेब्रुवारीत रजा मिळत नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनी परीक्षा संपताच, उन्हाची तयारी ठेवून एप्रिलचा शेवट गाठावा. बेटांमधल्या बोटी हवा बिघडली की रद्द होतात. म्हणून विमानाच्या आदला एक दिवस मोकळा ठेवून राजधानीत परतावे.

तो दिवस वाया जात नाही. समोरचे रॉस बेट, आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ढगाळ हवेतही फोटो देते. इंग्रजांच्या मुख्य ठाण्याचे पडके वाडे आणि त्यांना विळखा घातलेली झाडांची मुळे तिथे आहेत. आणि सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या मूळ सात शाखा होत्या, आज तीन उभ्या आहेत. एका शाखेच्या कोठड्यांची तोंडे दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. मधल्या मनोऱ्यावर चढले की ही रचना एका नजरेत येते. सावरकर इथे १९११ ते १९२१ होते, त्यामुळे मराठी माणसांची त्यांच्या कोठडीपाशी रांग असते. पण तिथल्या शेकडो बिननावाच्या कोठड्यांपुढे कुणी थांबत नाही. सकाळच्या तिरक्या उन्हात गजांच्या सावल्या लांब ओसरीवर पडतात, तेव्हा तिथे माणूस नसलेला फोटो घेऊन पाहा. फाशीघरात हसत काढलेले फोटो मी पाहिले आहेत. त्याबद्दल काही बोलत नाही.

कॅमेरा कुठे मिटायचा, हेही प्रवासाच्या आखणीतच धरले पाहिजे. नौदलाची ठाणी आणि विमानतळ तर झालेच. पण बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबायला आणि फोटो काढायला सक्त बंदी आहे. १९५६ पासून या लोकांच्या संरक्षणाचा कायदा आहे. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली होती. बाहेरच्या माणसाचा साधा आजारही त्यांना जड जातो. २०१२ च्या जानेवारीत, खाण्याच्या मोबदल्यात जारवा बायकांना नाचायला लावल्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि देशभर संताप उसळला. बरोबर वर्षभराने आम्ही त्या रस्त्याने गेलो. झाडीच्या कडेला दोन मुले उभी होती. आमच्या गाडीतल्या एका गृहस्थांनी मोबाइल वर उचलला. आई पुढच्या बाकावर होती. ती वळली आणि वर्गात बोलावे तशी बोलली, "अहो, तुमच्या परड्यात गाडीतनं येऊन कुणी असं केलं तर चालंल का?" गृहस्थांनी हात खाली घेतला. पुढे तासभर गाडीत कुणी बोलले नाही. गुहा पाहिल्या, पण आईला त्या आवडल्या नाहीत. परत येताना ती म्हणाली, "ह्या वाटंनं यायलाच नको होतं."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आई नव्हती. फेब्रुवारी महिना होता, बरोबर पत्नी आणि मुलगी. त्या वाटेने गेलो नाही. वाचलेला दिवस शहीद द्वीपाला दिला. सपाट, लहान बेट, भाजीपाल्याचे मळे, सुपारीच्या बागा आणि पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या निर्वासितांची कुटुंबे. भाड्याच्या सायकलवर फिरता येते. माणसांचे फोटो घ्यायचे तर आधी "छोबी तुलबो?" असे विचारावे. बंगालीत, "फोटो काढू का?" एका आजीबाईंनी आधी नको म्हटले, मग आत जाऊन धुतलेली साडी नेसून आल्या. त्यांना फोटो पाठवायचा शब्द दिला होता, तो मी टपालाने पाळला.

काही किरकोळ पण कामाच्या गोष्टी. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आले की दमट हवेने भिंगावर धुके बसते. कॅमेरा बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून बाहेर आणावा आणि वीस मिनिटांनी उघडावा. खारे तुषार कोरड्या फडक्याने पुसू नयेत, वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकावे, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेले फडके. वाळूवर भिंग बदलू नये. रोज रात्री फोटो दुसरीकडे उतरवून ठेवावे. आणि परत आल्यावर दहाच निवडून कागदावर छापून घ्यावे. मोबाइलमधले हजार फोटो पुन्हा कुणी पाहत नाही.

त्या दुसऱ्या वेळी राधानगरला आम्ही साडेतीनलाच पोहोचलो. पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगी घोटाभर पाण्यात उभी राहिली, आणि तो फोटो छान आला. तो आणि आईचा काळा फोटो असे दोन्ही मी आईच्या शाळेत घेऊन गेलो. बरोबर तिसराही नेला, जानेवारीत पंचगंगेच्या घाटावर संध्याकाळी पावणेसहाला काढलेला, ज्यात पायऱ्यांवर चांगले ऊन आहे. पाचवीच्या मुलांना आईचा आणि घाटावरचा असे दोन फोटो दाखवून विचारले, "दोन्ही जानेवारीचे, दोन्ही पावणेसहाचे. मग एकात ऊन आणि एकात काळोख कसा?" कुणी म्हणाले, तिथे पाऊस असेल. कुणी म्हणाले, घड्याळ बिघडले असेल. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, भिंतीवरच्या नकाशापाशी गेली आणि कोल्हापूरवर एक बोट, अंदमानवर दुसरे बोट ठेवून मधले अंतर पाहू लागली.