प्रोफाइल-आधारित कंपायलर अनुकूलन आणि लिनक्सची पॅकेजेस : भाषिक दृष्टीतून एक परिचय

प्रस्तावना

शाळा-महाविद्यालयांच्या संगणककक्षांत जुनी यंत्रे वर्षानुवर्षे वापरावी लागतात. नवी घेणे शक्य नसते तेव्हा आहे त्याच यंत्रावर आज्ञावली अधिक वेगाने कशी चालेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अशा ठिकाणी लिनक्स ही मुक्त प्रणाली उपयोगी पडते. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसाठी प्रसिद्ध केलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियन या लिनक्स वितरणावर आधारलेली आहे. वितरणातील पॅकेजेस यंत्र न बदलता वेगवान करण्याची एक पद्धत म्हणजे प्रोफाइल-आधारित अनुकूलन. ही पद्धत कशी चालते आणि तिच्यात भाषेचा प्रश्न कोठे उद्भवतो, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

कंपायलरचा अंदाज

प्रोग्रामरने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याचे काम कंपायलर करतो. आज्ञावलीत 'असे असेल तर हे, नाहीतर ते' अशा हजारो वाटा असतात. त्यांपैकी कोणती वाट वारंवार वापरली जाईल हे कंपायलरला ठाऊक नसते. तो अंदाज बांधतो. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान आज्ञावलींचा अभ्यास करून दाखवले की, साधारणतः आज्ञावलीचा ४ टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ खातो. हा थोडा भाग ओळखता आला, तर तेवढ्यावरच मेहनत घेता येते.

जुन्या छापखान्यातील उदाहरण येथे बोलके आहे. जुळारी नेहमी लागणारे खिळे हाताजवळच्या खणांत ठेवी आणि क्वचित लागणारे दूरच्या. खणांची मांडणी नीट असेल तर तोच मजकूर, त्याच हातांनी, लवकर जुळतो.

कार्यपद्धती

जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये हे काम तीन टप्प्यांत होते. प्रथम 'एफ-प्रोफाइल-जनरेट' या पर्यायाने आज्ञावली तयार करतात. तीत प्रत्येक वाट किती वेळा चालली हे मोजणारे गणक बसवलेले असतात. नंतर ती नमुन्याच्या कामावर चालवून मोजणीची नोंद, म्हणजेच प्रोफाइल, मिळवतात. शेवटी 'एफ-प्रोफाइल-यूज' या पर्यायाने ती नोंद हाताशी घेऊन पुन्हा आज्ञावली तयार करतात. डेबियनमधील पायथनचे पॅकेज या पद्धतीने तयार होते. तेथे नमुन्याचे काम म्हणून पायथनच्याच चाचण्या चालवल्या जातात.

नमुना कोणाचा ?

या पद्धतीचे सारे यश नमुन्यावर अवलंबून आहे. नमुन्यात जो भाग एकदाही चालला नाही, तो जीसीसी वेगासाठी नव्हे तर आकार लहान राहावा म्हणून घडवतो.

छापखान्यात हिंदी मजकूर मोजून खण मांडले, तर 'ळ' कोपऱ्यात जाईल आणि मराठी जुळवताना हात दर ओळीला तेथवर न्यावा लागेल. संगणकातही असेच घडू शकते. लिनक्सवर अक्षरांची जुळणी करणाऱ्या 'हार्फबझ' या ग्रंथालयात देवनागरी, कन्नड इत्यादी भारतीय लिप्यांसाठी एक विभाग आहे आणि उर्दूसारख्या अरबी वळणाच्या लेखनासाठी दुसरा. असे ग्रंथालय केवळ इंग्रजी मजकुराच्या नमुन्यावर घडवले, तर हे दोन्ही विभाग 'न लागणारे' ठरतील. जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगसारख्या गावी कोकणी, मराठी वा कन्नड वाचणाऱ्याला मग या अनुकूलनाचा लाभ होणार नाही. उलट त्याचे काम पूर्वीपेक्षा मंदही होऊ शकेल.

उपाय आणि मर्यादा

जीसीसीच्या १० व्या आवृत्तीत (२०२०) 'एफ-प्रोफाइल-पार्शल-ट्रेनिंग' हा पर्याय आला. त्यामुळे नमुन्यात न चाललेली फंक्शन्स प्रोफाइल नसल्याप्रमाणे, नेहमीच्या रीतीने घडवली जातात. मात्र आज्ञावलीचा आकार बराच वाढतो. दुसरा मार्ग 'ऑटोएफडीओ'चा. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत गणक न बसवता प्रत्यक्ष वापरातून अधूनमधून नोंदी घेतात. क्लँग कंपायलरने लिनक्सचे कर्नल अशा रीतीने घडवण्याची सोय ६.१३ या आवृत्तीत (जानेवारी २०२५) आली. तरीही नोंदी कोणाच्या वापरातून घेतल्या, हा प्रश्न उरतोच.

वितरणांपुढे आणखी एक अडचण आहे. त्याच मूळ आज्ञांपासून कोणालाही तंतोतंत तेच पॅकेज तयार करता यावे, असा डेबियनचा प्रयत्न असतो. त्यामुळे पॅकेजमध्ये कोणी ढवळाढवळ केली आहे का, हे पडताळता येते. प्रोफाइलची मोजणी मात्र प्रत्येक वेळी थोडी निराळी येऊ शकते. म्हणून नमुन्याचे काम ठरावीक ठेवावे लागते, किंवा एकदा मिळवलेली नोंद जपून तीच पुन्हा वापरावी लागते.

निष्कर्ष

वेग ही केवळ यंत्राची बाब नाही. कोणाचा वापर मोजला गेला, यावरही तो ठरतो. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. म्हणजे कंपायलर जाणणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांना हवा असलेला नमुना-मजकूर भाषा-विभाग देऊ शकतात : रफार, 'सुऱ्या'-'वाऱ्या'मधील 'ऱ्य', 'ळ' आणि जोडाक्षरे असलेला मराठी, तसेच नस्तालिक वळणाचा उर्दू. चार-पाच पानांचा असा मजकूर निवडणे हे भाषेच्या अध्यापकाचेच काम आहे.