जमिनीचा आकडा आणि पास केलेला नमुना

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आता जमिनीचा सौदा नुसता सातबारा पाहून होत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. सरकारी मोजणीही रोव्हर यंत्राने होऊ लागली आहे. त्यामुळे गोदामासाठी जागा घेणारा व्यापारी अक्षांश-रेखांशाचे आकडे मागतो. हे आकडे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलण्याचे काम संगणकाचा प्रोग्राम करतो. त्या प्रोग्रामची तपासणी कोण करतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

चूक कशी होते ते पाहा. शहापूर १९ अंश २७ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश २० मिनिटे पूर्व येथे आहे. एका अंशाची साठ मिनिटे, म्हणून दशांशात हे १९.४५ आणि ७३.३३ होते. प्रोग्रामने मिनिटे तशीच वाचून १९.२७ आणि ७३.२० केले, तर शहापूर टिटवाळ्याजवळ जाऊन पडते. दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर ते थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते.

मोठी चूक निदान डोळ्यांना दिसते. खरा घात लहान चूक करते. आपल्याकडचे जुने सरकारी नकाशे एव्हरेस्ट यांच्या १८३० सालच्या मापावर बनले. त्यात पृथ्वीची विषुववृत्तावरील त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर धरली आहे. उपग्रहाच्या डब्ल्यूजीएस-८४ मापात ती ६३,७८,१३७ मीटर आहे आणि केंद्रही वेगळे आहे. जुना बिंदू रूपांतर न करता नव्या नकाशावर ठेवला, तर आपल्या भागात तो शंभरेक मीटर सरकतो. चौकोनी गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे सुमारे दहा मीटर. हिशेब करा: दहा गुंठे ओळीने ओलांडून आपली जमीन शेजाऱ्याच्या शेतात गेली! संगणक मात्र गप्प राहतो.

कापडाच्या धंद्यात यावर जुना इलाज आहे. पास केलेल्या रंगाचा तुकडा जपून ठेवायचा आणि रंगाईचा प्रत्येक नवा लॉट त्याच्याशी ताडून पाहायचा. संगणकवाले यालाच रिग्रेशन टेस्ट म्हणतात. ज्यांचे बरोबर उत्तर पक्के ठाऊक आहे असे बिंदू लिहून ठेवायचे. प्रोग्राममध्ये काहीही बदलले की ते सर्व बिंदू यंत्रानेच पुन्हा तपासायचे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात जेराल्ड एव्हेंडेन यांनी सुरू केलेला ‘प्रोज’ हा प्रोग्राम आज जगभर वापरला जातो. अशा तपासणीसाठी त्याच्यासोबत ‘जीआयई’ नावाचे वेगळे साधनच मिळते.

पण नमुनाही उन्हात फिका पडतो. त्याचीही देखभाल लागते. पहिली गोष्ट, बरोबर उत्तर बाहेरून आणावे, त्याच प्रोग्रामकडून नव्हे. आपल्याच मीटरपट्टीने आपलीच मीटरपट्टी तपासण्यात अर्थ नाही. दुसरी, किती फरक चालेल ते आधी ठरवावे. फार कडक ठेवल्यास शेवटच्या दशांशावरून रोज खोटी ओरड होते आणि लोक लक्ष देणे सोडतात. फार सैल ठेवल्यास शंभर मीटरही सुटून जातात. तिसरी, आकडा बदलून परत मूळ रूपात आणून पाहावा. तरी त्यावर विसंबू नये, कारण जाताना आणि येताना सारखीच चूक झाली तर हिशेब बरोबरच दिसतो.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. तपासणी नापास झाली की अपेक्षित उत्तरच बदलून टाकू नये. २०१९ साली ‘प्रोज’ची सहावी आवृत्ती आली आणि काही पद्धतींत अक्षांश आधी, रेखांश नंतर असा क्रम झाला. तेथे जुने उत्तर बदलणे योग्यच होते. पण कारण शोधून, तारीख घालून, वहीत नोंद करून.

बिंदू निवडतानाही अक्कल लागते. ७८ अंश रेखांशावर नकाशाचा पट्टा बदलतो. शहापूर ४३ व्या पट्ट्यात, नागपूर ४४ व्या. समृद्धी दोन्हींतून जातो. फक्त शहापूर-मुरबाडचे बिंदू तपासणारा प्रोग्राम नागपूरकडे फसला तरी कळणार नाही.

तेव्हा जमिनीचे नकाशे बनवून देणाऱ्याला एवढेच विचारा: तुमचे तपासणीचे बिंदू कोणते, आणि ते शेवटचे कधी तपासले? उत्तर मिळाले तरच बयाणा द्या.